तालुक्याच्या गावात सरकारी पैशातून नाट्यगृह: आसपासची पेठ उठते कशाने, बसते कशाने?

पेठकर (धागाकर्ता)

नाट्यगृह झालं की गावाचा तो भाग बदलतो, हे वाक्य प्रत्येक भूमिपूजनाला ऐकू येतं. पुण्यापुरतं ते खरंही आहे. बालगंधर्व रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हातून झालं, २६ जून १९६८ ला ते खुलं झालं आणि आज जंगली महाराज रस्त्याचं ते टोक त्याच्याशिवाय डोळ्यांसमोर येत नाही. ठाण्यात तलावपाळीला गडकरी रंगायतनाचं तेच.

पण ही महानगरं झाली. साठ-सत्तर हजार वस्तीच्या नगरपालिकेचं काय? तिथे निधी नगरोत्थान (शहरांसाठीची राज्य योजना), वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान, जिल्हा नियोजन समिती आणि आमदार निधी अशा तीन-चार दारांतून गोळा होतो. इमारत उभी राहते. पुढे दोन-तीन पावसाळ्यांत छत गळतं, वातानुकूलन बंद पडतं आणि आवारात पालिकेच्या जुन्या घंटागाड्या उभ्या राहतात. हे टाळायचं तर बांधण्याआधी कागदावर काय काय पक्कं करावं? आसनं किती, चालवायचा खर्च कुठून, पेठेला फायदा नेमका कुठल्या वाटेने पोचतो? जाणकारांनी आकड्यांसह लिहावं ही विनंती.

लेखाशीर्ष

पेठकर, आधी पैशाचं बोलू, कारण रोग तिथेच आहे. वर दिलेला सगळा निधी भांडवली आहे. त्यातून पगार, वीजबिल, दुरुस्ती करता येत नाही. म्हणजे सरकार इमारत देतं आणि ती चालवण्याचा बोजा पालिकेच्या महसुली बाजूवर टाकतं, जिथे पाणीपट्टीची वसुलीच धड होत नाही.

एक ढोबळ हिशेब मांडतो. आकडे धरून चाललेले आहेत, आपापल्या गावचे दर घालून बघा. ६०० आसनांचं वातानुकूलित नाट्यगृह, बांधकाम १५ कोटी.

वातानुकूलन ६० ते ७० टन क्षमतेचं. प्रयोगाआधी दीड तास थंड करायचं, मग तीन तास चालवायचं, म्हणजे पूर्ण भाराने साधारण ३५० युनिट. रंगमंचाचे दिवे धरून एका प्रयोगाची वीज पाच-सहा हजारांवर जाते. खरा चिमटा मात्र स्थिर आकाराचा. मंजूर भार (वीजजोडणीची मंजूर मर्यादा) १५० केव्हीए घेतला की महिनाभर कुलूप असलं तरी मागणी आकार भरावाच लागतो.

माणसं: व्यवस्थापक, बुकिंग लिपिक, दोन वीजतंत्री, एक ध्वनीचा माणूस, तीन-चार रंगमंच कामगार, चार सफाईचे, तीन पाळ्यांना पहारेकरी. पंधरा-सोळा जण. कंत्राटी दराने धरले तरी वर्षाला ३५ ते ४० लाख. देखभालीला बांधकाम खर्चाच्या दोन टक्के, म्हणजे ३० लाख. शंभर प्रयोगांची वीज आणि स्थिर आकार मिळून दहा-पंधरा लाख. एकूण ८० लाखांच्या आसपास.

आता जमा. एका प्रयोगाचं भाडं दहा हजार धरलं तर शंभर प्रयोगांचे दहा लाख. सत्तर लाखांची तूट. ती दरवर्षी येणार हे पहिल्याच सर्वसाधारण सभेच्या ठरावात लिहा आणि अंदाजपत्रकात तिचं वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, उघडा. ही तूट म्हणजे वाचनालय किंवा बागेवर होतो तसलाच खर्च आहे. ती लपवली की पालिका एक दिवस भाडं पंचवीस हजार करते आणि तिथून उतरती कळा लागते.

का, तेही बघा. ६०० पैकी ६० टक्के आसनं भरली, तिकीट ३०० रुपये, तर गल्ला एक लाख आठ हजार. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा. नट, बॅकस्टेज, बस, डिझेल, जेवणखाण, मुक्काम, जाहिरात एवढं त्यातून भागवायचं. भाड्यात पंधरा हजारांची वाढ म्हणजे निर्मात्याच्या हाती उरणारं सगळंच गेलं. मग नाटकं यायची थांबतात आणि सभागृहात उरतात राजकीय मेळावे आणि क्लासवाल्यांचे सत्कार. अशा कार्यक्रमांनी पेठ उठत नाही. लोक गाडीतून येतात, आयोजकांनी वाटलेला खाऊचा पुडा घेतात आणि गाडीतून जातात.

अवंती

स्पेनमधल्या बिलबाओचं उदाहरण इथे लागू होत नाही का? एका संग्रहालयाने बुडालेलं औद्योगिक शहर उभं केलं. इमारत पुरेशी देखणी असेल तर माणसं आपोआप येतात, असं त्यावरून दिसतं.

स्थापत्य

अवंतीताई, बिलबाओचं अर्धंच सांगितलं जातं. ते संग्रहालय, गुगेनहाइम, ऑक्टोबर १९९७ मध्ये उघडलं हे खरं. पण त्याआधी १९९५ ला तिथली मेट्रो सुरू झाली होती, नदीकाठची गोदी आणि रेल्वेची जमीन मोकळी करण्यासाठी १९९२ मध्येच वेगळी संस्था स्थापन झाली होती आणि नदीतलं सांडपाणी रोखण्याचं काम कित्येक वर्षं चालू होतं. तिथल्या बास्क प्रांताच्या सरकारने इमारतीवर सुमारे दहा कोटी डॉलर घातलेच, शिवाय संग्रहासाठी पाच कोटी आणि गुगेनहाइम प्रतिष्ठानला दोन कोटी मोजले. आत काय दाखवायचं याची तजवीज पहिल्या दिवसापासून होती.

ते नसलं की काय होतं, ते इंग्लंडमध्ये दिसलं. बर्मिंगहॅमजवळच्या वेस्ट ब्रॉमविचमध्ये ‘द पब्लिक’ नावाचं कलाकेंद्र २००८ साली उघडलं, सहा कोटी पौंडांहून जास्त सार्वजनिक पैसा गेला, नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद झालं आणि आता तिथे कॉलेज आहे. शेफील्डचं नॅशनल सेंटर फॉर पॉप्युलर म्युझिक १९९९ ला उघडलं, पुढच्याच वर्षी बंद; आज ती विद्यार्थी संघटनेची इमारत. दोन्हीकडे इमारतीचं खूप कौतुक झालं. लोकांनी तिथे पुन्हा पुन्हा का यावं, याचं उत्तर मात्र नव्हतं.

पडद्यामागचा

तांत्रिक बाजू सविस्तर लिहितो, कारण तालुक्याच्या नाट्यगृहात नाटक न येण्याचं निम्मं कारण नकाशातच असतं.

पहिलं म्हणजे ‘बहुउद्देशीय सभागृह’ या नावाने नकाशा आला तर तिथेच हरकत घ्या. सपाट जमीन, समोर उंच ओटा, मागे पक्की भिंत आणि दोन बाजूंना दोन खोल्या असं ते असतं. लग्नाला उत्तम, नाटकाला निरुपयोगी.

रंगमंचाचं तोंड ३६ ते ४० फूट रुंद आणि १८ फूट उंच हवं. पडद्याच्या रेषेपासून मागे ३० फूट खोली. दोन्ही विंगांत (रंगमंचाच्या बाजूंच्या, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागांत) किमान १२ फूट मोकळी जागा, खांब नको. हे विंगांचं माप हमखास कापलं जातं, कारण नकाशावर ती जागा वाया गेल्यासारखी दिसते. मग दुसऱ्या अंकाचं नेपथ्य ठेवायचं कुठे? दिव्यांचे बार खाली-वर करता आले पाहिजेत, हाताने फिरवायची विंच चालेल. आढ्याला कायमचे पाईप ठोकले की प्रत्येक दिव्यासाठी शिडी लावावी लागते आणि दोन तासांची लाईट लावणी पाच तासांवर जाते.

जमीन लाकडी, फळ्यांची आणि काळी. विट्रिफाइड टाइल किंवा ग्रॅनाइट घातलं की फ्लॅटच्या (नेपथ्याच्या उभ्या चौकटीच्या) टेकूला स्क्रू मारता येत नाही, प्रकाश खालून उसळून प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातो आणि नाचणारं पोर घसरतं. ‘सागवान महाग’ म्हणून टाइल घालणारी पालिका दर्शनी भिंतीच्या काचेवर मात्र त्याच्या कितीतरी पट खर्च करते, याचा खरंच संताप येतो.

माल उतरवायचं दार ८ फूट रुंद, १० ते १२ फूट उंच, थेट रंगमंचाच्या मागे, आणि तिथपर्यंत नाटकाची बस वळली पाहिजे. दार प्रेक्षागृहातून असेल तर सेट खुर्च्यांमधून न्यावा लागतो आणि खुर्च्यांचे हात पहिल्याच वर्षी मोडतात.

वीज: भाड्याच्या दिव्यांसाठी रंगमंचाच्या बाजूला ६३ अँपिअरचा थ्री-फेज पॉइंट, ध्वनीला वेगळी लाईन आणि चांगलं अर्थिंग. एकाच फेजवर डिमर आणि स्पीकर आले की दिवा मंद करताच स्पीकर गुणगुणतो. केबलचे चर झाकणबंद करा. उंदीर हा नाट्यगृहाचा सर्वांत जुना शत्रू आहे.

आवाज घुमण्याचा काळ बोलत्या नाटकाला एक ते सव्वा सेकंद पुरे. भिंतींना ग्रॅनाइट आणि वर पीओपीचे घुमट केले की तो दोनच्या वर जातो, मागच्या रांगेला शब्द कळत नाहीत आणि लोक म्हणतात, नाटकच पडलं. मागची भिंत आणि बाजूच्या भिंतींचा मागचा भाग आवाज शोषणारा हवा. वातानुकूलनाचं यंत्र प्रेक्षागृहाच्या छतावर ठेवू नका, त्याची थरथर स्लॅबमधून उतरते.

आणि मेकअप रूमला लागून बायकांसाठी वेगळी, पाणी असलेली, कडी लागणारी स्वच्छतागृहं. मराठी नटांच्या तक्रारींत वर्षानुवर्षं हा विषय पहिला आहे आणि तो सोडवायला कुठलीही योजना लागत नाही.

लेखाशीर्ष

@पडद्यामागचा, आसनसंख्येचं सांगा. आमदारांना नेहमी हजाराचं हवं असतं.

पडद्यामागचा

साठ-सत्तर हजार वस्तीला ५०० ते ६०० बस. हजाराच्या सभागृहात चारशे माणसं बसली तर नटाला अर्धं घर रिकामं दिसतं. सहाशेच्या सभागृहात तीच चारशे भरलेली वाटतात. थंड करायचं घनफळ कमी, छताचा गाळा (खांबांमधलं अंतर) कमी, पोलादही कमी. वाचलेल्या पैशात १०० माणसांची तालमीची खोली बांधा. खोली रंगमंचाएवढ्याच मापाची हवी, म्हणजे तालमीत आखलेल्या जागा प्रयोगात बदलत नाहीत.

वडसेकर

नाट्यगृह म्हणजेच पक्की इमारत असं सगळे धरून चालले आहेत. पूर्व विदर्भात उलटं दिसतं. झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर मंडईबरोबर, म्हणजे गावोगावच्या जत्रांबरोबर, सुरू होतात आणि शिमग्यापर्यंत चालतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. गावाबाहेरच्या मैदानात मंडप, रात्री दहाच्या पुढे पडदा, पहाटेपर्यंत प्रयोग. वडसा म्हणजे देसाईगंज हे या मंडळ्यांचं केंद्र. तिथे मंडळ्यांच्या कार्यालयांची रांग आहे आणि गावोगावची माणसं येऊन तारखा ठरवतात. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

त्या एका रात्रीभोवती पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, चहा-भजीची दुकानं लागतात, मंडपवाला, जनरेटरवाला, ऑर्गन-तबलावाला, फलक रंगवणारा अशी सगळ्यांची कमाई होते. हे सगळं लोकांच्या तिकिटावर उभं आहे. इथे १५ कोटींचं एक नाट्यगृह बांधलं तर ते एका गावाला मिळेल आणि प्रेक्षक तर शेकडो गावांत विखुरलेला आहे.

सार्वजनिक पैसा इथे मैदानावर लावावा. पाणी साचणार नाही असा उताराचा भराव, कायमचा वीजखांब आणि मीटर, म्हणजे आकडा टाकायची वेळ येणार नाही, बायकांची स्वच्छतागृहं, नटांना कपडे बदलायला दोन पक्क्या खोल्या, आग लागली तर बंब आत येईल एवढा रस्ता. एका नाट्यगृहाच्या पैशात अशी कितीतरी मैदानं होतील. नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात आणि यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात, तिथेही हाच विचार हवा.

पेठकर

वडसेकर, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, आभार. म्हणजे आधी प्रेक्षक कुठे आणि कुठल्या मोसमात जमतो ते बघायचं, मग इमारत की मैदान ते ठरवायचं. पण जिथे बारमाही नाट्यगृहच हवंय, तिथे पेठेला फायदा पोचतो कसा?

नाक्यावरचा

पायी चालणाऱ्या माणसातून पोचतो. पाचशे माणसं तीन तास आत आणि आधी-नंतर मिळून तासभर बाहेर. हा तास रस्त्यावर गेला तर पेठेचा, आवारातल्या उपाहारगृहात आणि पार्किंगमध्ये गेला तर ठेकेदाराचा. यावरून आखणीच्या चार गोष्टी ठरतात.

जागा. नाट्यगृह बायपासला, पालिकेची स्वस्त जमीन आहे म्हणून नेऊ नका. एसटी स्थानकापासून दहा मिनिटं चालत, जुन्या पेठेच्या कडेला असावं. गावाबाहेरचं नाट्यगृह फक्त दुचाकीवाल्यांचं होतं, एकट्या बायका आणि म्हातारी माणसं गळतात. दुपारच्या प्रयोगाचा प्रेक्षक म्हणजे तीच.

वेळ. महानगरातला साडेनऊचा प्रयोग तालुक्याला चालत नाही. खेड्यांतून आलेल्यांची शेवटची गाडी चुकते. साडेपाच-सहाला पडदा उघडा, नऊच्या आत सोडा, आणि आगारप्रमुखांना लेखी देऊन त्या दिवशीच्या शेवटच्या फेऱ्या अर्ध्या तासाने पुढे घ्यायची विनंती करा. नऊला सुटलेला माणूस जेवून घरी जातो, साडेबाराला सुटलेला सरळ घरी पळतो. दुकानं उशिरापर्यंत उघडी ठेवायला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मुभा आहे, त्यामुळे व्यापारी संघाला प्रयोगांच्या तारखा महिनाभर आधी द्या.

दर्शनी भाग. आठ फुटी कंपाउंड भिंत आणि एकच फाटक असलं की समोरचा रस्ता आठवडाभर मेलेला राहतो. पायऱ्या थेट पदपथावर उतरवा. वीस टपऱ्यांची आखीव जागा, प्रत्येकीला पाणी, सांडपाण्याची नाली आणि मीटर. आधीपासून तिथे बसणाऱ्यांना प्राधान्य द्या, नाहीतर ‘पुनरुज्जीवन’ म्हणून पहिला बळी भजीवालीचा जातो.

गाळे. तळमजल्याला चाळीस गाळे काढून नाट्यगृहाचा खर्च काढू, ही फार लाडकी कल्पना आहे. अनामत एवढी मोठी ठेवतात की गाळे गुंतवणूकदार घेतात आणि शटर बंद राहतात. शिवाय अनामत पालिकेच्या सर्वसाधारण निधीत जाते, नाट्यगृहाला छदामही मिळत नाही. गाळे काढायचेच तर बारा-पंधरा, छोटे, कमी अनामतीचे, आणि वर्षातून ठरावीक दिवस संध्याकाळी उघडे ठेवायची अट करारात. त्यांचं भाडं लेखाशीर्ष म्हणतात त्या वेगळ्या शीर्षात.

फोंडेकर

गोव्याची पद्धत बघण्यासारखी आहे. मडगाव, साखळी, कुडचडे, काणकोण, वास्कोला बायणा अशी रवींद्र भवनं आहेत. प्रत्येकाची स्वतंत्र व्यवस्थापन समिती आणि त्यांना कला आणि संस्कृती खात्याचं अनुदान. त्यामुळे एक नगरपालिका एकटी बोजा उचलत नाही. मडगावला तियात्राचा (कोंकणी संगीत नाटकाचा) पैसे मोजणारा हक्काचा प्रेक्षक आहे, म्हणून सभागृह जागतं राहतं. नुसत्या अनुदानाने ते झालं नसतं.

पण दुरुस्तीच्या बाबतीत गोव्याकडून धडाही घ्यावा. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली पणजीची कला अकादमी २०२१ पासून नूतनीकरणासाठी बंद होती आणि काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. एवढं मोठं केंद्र सलग बंद राहिलं की प्रेक्षकाची सवय मोडते. नूतनीकरण करायचंच तर टप्प्याटप्प्याने करा, पावसाळ्यातले महिने वापरा आणि मुदत करारात दंडासह लिहा.

स्थापत्य

आगीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पूर्ण केलेलं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शंभर वर्षांचं लाकूड आणि रंगमंच गेला. शेजारच्या खासबाग मैदानासकट तो अख्खा परिसर गावाच्या कलेचं आणि कुस्तीचं मर्मस्थान आहे. असं काही पुन्हा उभं करायला पैसा मिळतो, ते लाकूड मिळत नाही.

नाट्यगृहात जळायला सगळं तयार असतं: मखमल, प्लायवूड, जुन्या केबल, तापलेले दिवे. सुती पडद्यावरची अग्निरोधक प्रक्रिया पडदा धुतला की निघून जाते, पुन्हा करून घ्यावी लागते. हे धुलाईच्या निविदेतच लिहा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून नमुना ब (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचा असतो. तो आला का, हे कुठलाही नागरिक माहितीच्या अधिकारात विचारू शकतो, आणि विचारावंच. प्रयोग नसलेल्या रात्री रंगमंचाचा मुख्य स्विच बंद केल्याची नोंद पहारेकऱ्याच्या वहीत रोज हवी. बाहेर पडायच्या दारांना कुलूप लावून ‘फुकटे आत येतात’ हे कारण देणाऱ्या व्यवस्थापकाला त्याच दिवशी बदला.

अवंती

शंभर संध्याकाळी भरायच्या कशाने? तालुक्याला शंभर व्यावसायिक नाटकं कोण आणणार?

पडद्यामागचा

कुणीच नाही. व्यावसायिक नाटक महिन्याला दोन धरा, वर्षाचे पंचवीस. बाकी स्थानिकांचे. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र मिळवायचा प्रयत्न करा, त्यात सलग कित्येक दिवस रोज एक नाटक असतं आणि प्रेक्षक फुकट घडतो. शाळांची गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत पंधरा-वीस. सुट्टीत बालनाट्य शिबिर आणि त्याचे प्रयोग. भजनी मंडळ, शास्त्रीय संगीत, लावणी, एकांकिका. शनिवार-रविवार नाटकासाठी राखीव, तारखांचं वाटप तिमाही आणि उघडपणे, राजकीय कार्यक्रमांना वेगळा चढा दर, आणि दिलेली तारीख ‘मंत्र्यांचा दौरा’ म्हणून काढून घेतली तर पालिकेने नुकसानभरपाई द्यायची, हे नियमावलीत हवं. एकदा ऐनवेळी तारीख गेलेला निर्माता त्या गावाचं नाव पुन्हा काढत नाही.

हौशी संघांना तालमीची खोली तासाला नाममात्र दराने द्या. रोज संध्याकाळी वीस पोरं तालमीला आली की चहाच्या टपरीचं रोजचं गिऱ्हाईक तयार होतं, प्रयोग असो वा नसो.

लेखाशीर्ष

आणि सरकारने अनुदानाचा एक भाग याच संध्याकाळींना बांधावा. उदाहरणार्थ, भांडवली निधीच्या दहा टक्के रक्कम राखून ठेवायची आणि पाच वर्षं, दरवर्षी ८० तिकीट लावलेले कार्यक्रम झाल्याचं लेखापरीक्षण दाखवल्यावर हप्त्याने देखभालीला सोडायची. १५ कोटींवर दीड कोटी, म्हणजे वर्षाला ३० लाख. वर मांडलेला देखभालीचा आकडा बरोबर एवढाच आहे.

पेठकर

हे ठरावाच्या मसुद्यात घालतो. इमारत ताब्यात घेताना काय तपासायचं, तेवढं कुणी सांगा.

पडद्यामागचा

ठेकेदाराचं शेवटचं देयक एका खऱ्या चाचणी प्रयोगानंतरच काढा. फिरत्या व्यावसायिक नाटकाची भरलेली बस बोलवा. सेट दारातून आत यायला किती वेळ लागला, घड्याळ लावून लिहा. चाळीस मिनिटांच्या वर गेला तर दार किंवा उतार चुकलाय. सगळे दिवे आणि वातानुकूलन एकदम चालवा, तासभर, मुख्य केबल तापते का बघा. माईक बंद करून नटाला साध्या आवाजात बोलायला सांगा आणि शेवटच्या रांगेत, दोन्ही कोपऱ्यांत आणि बाल्कनीत माणसं बसवून त्यांनी ऐकलेली वाक्यं कागदावर उतरवून घ्या. सगळे नळ एकाच वेळी सोडा. मध्यंतरात पाचशे माणसांना पंधरा मिनिटांत स्वच्छतागृह पुरतं का ते मोजा, बायकांची रांग वेगळी मोजा. मग वीज तोडा: आणीबाणीचे दिवे लगेच लागले पाहिजेत, जनरेटर अर्ध्या मिनिटात. छताची चाचणी पाणी भरून ४८ तास, आणि रंगमंचावरच्या पत्र्याची पहिल्या वळवानंतर. तोपर्यंत अनामत सोडू नका.